लोबानातली माशी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला फार कष्टही पडले नाहीत, कारण कोणी विचारलंच नाही. निवृत्त प्राध्यापकाला लोक गुडघे कसे आहेत विचारतात, यंदा मोहोर कसा आहे विचारतात. तुम्ही आयुष्यात कोणाचं काय बुडवलंत, असं रत्नागिरीत कोणी कोणाला विचारत नाही. विचारायला लागले तर संध्याकाळी भाट्याच्या पुलाकडे फिरायला येणारे आम्ही सगळेच म्हातारे घरी बसू.

पण मागच्या वर्षी माझा सत्कार झाला. एका माशीसाठी झाला.

जेवणावर घोंघावते ती माशी नव्हे. ही चिलटाएवढी, आणि माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी मेलेली. आमच्याकडे जांभा फोडून विहीर खणत खोल गेलं की काही ठिकाणी काळी चिकट माती लागते. तिच्यात कोळसा झालेली लाकडं असतात, आणि त्या लाकडांतून कधीकाळी पाझरलेल्या राळेचे मधाच्या रंगाचे खडे असतात. राळ ओली असताना तिच्यावर एखादं चिलट बसलं, अडकलं, वरून आणखी राळ ओघळली, की ते तसंच्या तसं राहतं, पायावरच्या केसांसकट. अशाच एका खड्यातल्या माशीचं वर्णन बाहेरच्या काही संशोधकांनी मिळून छापलं. नुसती नवी जाती नाही, नवी प्रजाती. प्राणिशास्त्राशी संबंध नसलेल्या माणसाला हा फरक मी असा सांगतो: जाती म्हणजे एक घर, प्रजाती म्हणजे अख्खी वाडी. घरं नेहमी सापडतात. वाडी सापडणं दुर्मीळ.

प्रजातीचं नाव त्यांनी जांभ्यावरून ठेवलं, आणि जातीला माझं आडनाव दिलं, मागे लॅटिन शेपूट लावून.

सत्कार मी ज्या कॉलेजात जन्मभर शिकवलं तिथेच झाला. अध्यक्ष होते एक मोठे बागायतदार. त्यांनी माशीचं चित्र उलटं धरलं होतं. म्हणाले, "हापूसनंतर रत्नागिरीचं नाव जगात कोणी नेलं असेल, तर या माशीने!" टाळ्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझा उल्लेख 'माशीचे जनक' असा केला. त्यावरही टाळ्या. मग श्रोत्यांतून एक गृहस्थ उठले.

"सर, ह्या माशीचा कलमांना त्रास कितपत? फवारणी कसली घ्यायची?"

"ती मेलेली आहे," मी म्हटलं. "फार पूर्वी."

"ती मेली हो. पण तिची पिल्लं?"

सभागृहात कोणीही हसलं नाही. सगळे उत्तराची वाट बघत होते.

मी मात्र मनातल्या मनात हसत होतो. ज्याने सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नाही तो प्रत्येक माणूस मला मूर्ख वाटत आला आहे. बागायतदार मूर्ख, प्राचार्य मूर्ख, विद्यार्थी मूर्ख, शेजारी मूर्ख. या सवयीला मी बुद्धिमत्ता समजत असे. गंमत अशी की त्या दिवशी मी भाषणात म्हटलं, "या शोधात माझा काहीही वाटा नाही," तर लोकांनी तो विनय मानला आणि आधीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. जन्मात एकदा व्यासपीठावरून खरं बोललो, ते असं वाया गेलं.

वाटा होता तो कोणाचा, ते आता लिहितो.

आमच्या विभागात मी प्रमुख असताना एक बाई शिकवायला होत्या. माझ्याहून वयाने बऱ्याच लहान. पावसच्या अलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव. मुसलमान घर, वडील आयुष्यभर जहाजावर, भाऊ आखातात. गावातून विज्ञान शिकून प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्याच. मी देवरूखचा. आम्ही डोंगराकडचे लोक समुद्रकाठच्या लोकांना आतून जरा कमीच लेखायचो. वाळत घातलेल्या मासळीचा वास कपड्यांना येतो, एवढंच खरं तर आमचं म्हणणं असायचं. पण ते आम्ही असं धरून चालायचो जणू तो वास डोक्यालाही येतो. हे मी आज लाजून लिहितोय. तेव्हा लाजत नव्हतो.

त्या वर्षी बाईंच्या घरी नवी विहीर खणायला घेतली. जांभा संपला, खाली मऊ पांढरी माती लागली, आणि तिच्याखाली ती काळी माती. पाणी आलं ते सडक्या अंड्यासारख्या वासाचं. विहीर नासली म्हणून गडी वर आले. पण काळ्या मातीतून टोपलीभर खडे निघाले होते, पेटवल्यावर धूर देणारे. बाईंच्या फुफीने, म्हणजे आत्याने, ठरवलं की हा लोबान आहे. जमिनीनेच दिलाय, विकत आणायला नको. तिने तो घरोघर वाटला. मुसलमानांनी गुरुवारी निखाऱ्यावर घातला, हिंदूंनी तिन्हीसांजेला धुपाटण्यात घातला. वास कोणालाच आवडला नाही, पण फुकटच्या वस्तूला नाव कोण ठेवतो? पंधरवड्यात गावाने ती टोपली जाळून संपवली. वासाच्या पाण्याची ती विहीरही मग बुजवून टाकली.

एक खडा बाईंनी फुफीच्या हातातून काढून घेतला होता. निखाऱ्यावर पडता पडता. उजेडात धरल्यावर त्यात काहीतरी काळं दिसलं म्हणून.

तो सुपारीएवढा खडा घेऊन त्या स्टाफरूममध्ये आल्या. त्यांनी तो घरीच बारीक पॉलिश पेपरवर घासून एका बाजूने सपाट केला होता. आमच्या स्टाफरूमचं वर्णन करावं एवढी तिची योग्यता नाही. तिथे विमा विकणारे होते, प्लॉट दाखवणारे होते, दुसऱ्याच्या गाईडवर स्वतःचं नाव घालणारे होते. विषय वाचणारं कोणी नव्हतं. मी वाचत असे, म्हणून मी त्या सगळ्यांपेक्षा वेगळा, अशी माझी समजूत.

"सर, ह्यात माशी आहे," बाई म्हणाल्या. "आणि ती साधी नाही. हिच्या जवळच्या सगळ्यांच्या पंखात ही मधली शीर खाडीसारखी फुटते, दोन फाटे होतात. हिची फुटत नाही. सरळ काठापर्यंत जाते. शृंगिकांचे शेवटचे तीन मणीही एकमेकांत मिसळलेत."

शृंगिका म्हणजे डोक्यावरच्या मिशा. मी खडा हातात घेतलासुद्धा नाही.

"सापडला कुठे?" मी विचारलं.

त्यांनी विहिरीची आणि फुफीची सगळी हकीकत सांगितली. हसत सांगितली. मी ती ऐकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "म्हणजे बाई, आम्ही इथे विज्ञान शिकवायचं, आणि तुमच्या घरी ते निखाऱ्यावर टाकायचं!"

स्टाफरूम हसली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, "लोबानातली माशी! म्हणजे पीर प्रसन्न झाला म्हणायचा." पुन्हा हशा. माझं वाक्य दिवसभर या विभागातून त्या विभागात फिरलं. संध्याकाळी शिपायाने ते मलाच ऐकवलं.

बाईही हसल्या होत्या. "फुफीला सांगते," म्हणाल्या, "पुढच्या वेळी निखाऱ्यावर टाकायच्या आधी हेडसरांची सही घे."

पण पुढल्या आठवड्यात त्या माझ्याकडे एकट्या आल्या. वडिलांना मुंबईला तपासायला न्यायचं होतं. खडा कापसात गुंडाळून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, मी येईपर्यंत हा तुमच्याकडे ठेवाल? विभागाच्या कपाटाला कुलूप धड लागत नाही. आणि घरी... तुम्ही म्हणालात ते खरंच आहे, आमच्याकडे कोणीतरी जाळून टाकील. तुमच्या घरी निर्धास्त. आल्यावर वर्णन लिहायला बसते. तुम्ही तपासून दिलंत तर धीर येईल."

"स्पिरिट लावून पाहिलंत का?" मी विचारलं. ही साधी चाचणी आहे. ताज्या राळेवर स्पिरिटचा थेंब टाकला की ती चिकट होते, विरघळायला लागते. जुनी, दगड झालेली राळ दाद देत नाही.

"हिंमत नाही झाली. एकच खडा आहे, सर."

इथे हे सांगायला हवं की असं वर्णन म्हणजे नुसता निबंध नसतो. माशी अंगाअंगाने मोजायची, पंखाची एकेक शीर काढायची, आजवर माहीत असलेल्या प्रत्येक नातेवाइकापाशी ती ठेवून बघायची आणि ही कोणाच्याच घरात बसत नाही हे दाखवायचं. मग नाव. आणि ते नाव कागदाला चिकटत नाही, त्या एका नमुन्याला चिकटतं. उद्या कोणाला शंका आली तर त्याने येऊन तोच खडा बघायचा. नमुना नाही तर माशी नाही, आणि वाडीही नाही. बाईंचं सगळं त्या सुपारीएवढ्या खड्यात होतं, आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला होता.

रविवारी मी तो घरी पडवीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. घासलेल्या बाजूवर खोबरेलाचा थेंब सोडला की ओरखडे दिसेनासे होतात आणि आतलं स्वच्छ दिसतं. दिसलं. पंखात फाटा नव्हता. शृंगिकांचे मणी मिसळलेले होते. पुस्तकं काढून दुपारपर्यंत बसलो. बाईंची चूक सापडावी अशी माझी फार इच्छा होती. सापडली नाही. मी इतकी वर्षं आंब्यावरच्या तुडतुड्यांवर लेख लिहिले, जे कोणीही वाचले नाहीत. आणि या बाई आत्याच्या हातातून खडा काय काढून घेतात, आणि नवी प्रजाती! मला वाईट वाटलं. राग आला असं म्हणालो तर ते मोठेपणाचं होईल. राग मोठ्या माणसांना येतो. मला पोटात दुखल्यासारखं झालं.

खडा एका रिकाम्या पितळी डबीत घालून मी देवाच्या फडताळात ठेवला. आमच्याकडे देवांची पूजा मी करायचो. त्या फडताळाला दुसरं कोणी हात लावणार नाही, असा माझा हिशेब. तिन्हीसांजेचा धूप बायको घालते, आणि धूप त्याच फडताळात असतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ज्या घरात मी नवरा म्हणून इतकी वर्षं राहिलो, तिथे धूप कुठे ठेवतात हे मला माहीत नव्हतं. फुफीच्या अडाणीपणावर हसलेला माणूस तो हाच.

संध्याकाळी डास फार झाले होते. मी पडवीत वाचत होतो. आतून वास आला. धुपाचा नाही, सायकलची ट्यूब जाळावी तसा, आणि त्याच्या मागे कुठेतरी झाडाचा गोडसर. मी धावलो.

"काय टाकलंस त्यात?"

"धूप. डबीतला," बायको म्हणाली. "जुना झालाय वाटतं. वास धड येत नाही."

करवंटीच्या निखाऱ्यांवर काळा फेस उकळत होता. चिमट्याने उचलायला गेलो तर तार सुटली आणि तुटली. एवढंच. इतका काळ जमिनीखाली शाबूत राहिलेली वस्तू आमच्या माजघरात दोन-तीन मिनिटांत गेली. डास मात्र गेले नाहीत.

काय झालं ते बायकोला सांगितल्यावर तिने धुपाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या मुंबईहून आल्या की जाऊन सांगा त्यांना. माझ्या हातून झालं म्हणून सांगा. त्या काय खाणारेत का तुम्हाला?"

"तुला कळत नाही," मी म्हटलं.

तिला कळत होतं. मला बाईंची भीती नव्हतीच. मला माझ्याच वाक्याची भीती होती. विज्ञान निखाऱ्यावर टाकायचं! मग स्टाफरूममध्ये ते वाक्य माझ्याकडे परत आलं असतं. विमेवाले, प्लॉटवाले, गाईडवाले, ज्यांना मी कस्पटासमान मानत होतो, ते सगळे माझ्यावर हसले असते, आणि त्यांचं हसणं बरोबर ठरलं असतं. ते मला सहन होणार नव्हतं. त्यापेक्षा एका बाईचं आयुष्यातलं एकुलतं मोठं काम बुडालं तर ते मला चालणार होतं. तेव्हा मी हे अशा शब्दांत मांडलं नाही. पण तराजूत घातलं होतं ते हेच.

मी बाजारातून राळ आणली. दुकानात मिळते ती, आजच्या झाडाची. तिचा एक तुकडा काचेच्या बशीत ठेवला, त्यावर स्पिरिट ओतलं. चिकट पिवळा चिखल झाला. त्यात एक चिलट मारून टाकावं असंही मनात आलं होतं. ते केलं नाही, हे काही सांगण्यासारखं पुण्य नव्हे.

बाई मुंबईहून आल्यावर मी बशी त्यांच्यापुढे ठेवली.

"थेंब टाकला, बाई. बघा काय झालं. माशीही विरून गेली."

त्या किती वेळ बशीकडे बघत होत्या. बोट लावलं, चिकटलं.

"म्हणजे आजचीच," त्या म्हणाल्या.

"आजचीच."

"पण सर, पंखात फाटा नव्हता."

"चिरडलेल्या माशीच्या पंखात काय असतं न् काय नसतं! तुम्हाला जे बघायचं होतं ते दिसलं."

त्यांनी बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सर, तुम्ही तपासलंत. छापून आलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती." आणि माझे आभार मानून तासाला गेल्या. मी खिडकीतून बशी मागच्या माडाच्या बुंध्याशी रिकामी केली.

त्यानंतर त्यांनी संशोधनाचं नाव काढलं नाही. मुलं त्यांना मागून 'लोबान मॅडम' म्हणायची. ते नाव स्टाफरूममधून वर्गात कसं गेलं, मला माहीत नाही. मी अडवलं नाही एवढं माहीत आहे. ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्म्याचा डबा येत राहिला. माझी बायको तो डबा हातात घेऊन माझ्याकडे बघायची. कधी काही बोलली नाही. त्या संध्याकाळनंतर तिने घरात धूप मात्र कधी घातला नाही, उदबत्ती लावायची. एकदा पाहुण्यांनी कारण विचारलं तर म्हणाली, "ह्यांना सोसत नाही." ती गेली तेव्हाही मला वाटलं होतं की जाताना तरी एकदा म्हणेल, सांगितलंत का म्हणून. तिला तेवढीही आशा उरली नसावी.

मग अगदी अलीकडे ते संशोधक आले. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. कोकणातल्या जांभ्याखाली काळी माती कुठे कुठे लागते ते शोधत होते. मी त्यांना गावं सांगितली, विहिरी सांगितल्या, राळेत बघा म्हटलं. मला खरंच वाटत होतं की बाईंची माशी पुन्हा सापडावी. सापडली की आपलं मन हलकं होईल, असला भाबडा विचार. विद्यार्थ्याने विचारलं, "सर, तुम्हाला कसं माहीत राळेत किडे असतात ते?"

"पूर्वी एकदा पाहिला होता," मी म्हटलं.

हे खरंच होतं. पडवीत पाहिला होता. एवढं बोलून मी थांबलो, आणि पुढचं त्यांचं त्यांनी समजून घेतलं. नवी विहीर खणणाऱ्या बाईंच्या शेजारच्या एका गावात त्यांना खडा मिळाला. छापील वर्णन विद्यार्थ्याने मला मोबाइलवर पाठवलं. शेवटी ऋणनिर्देशात माझ्या 'दूरदृष्टी'चा उल्लेख. आणि मधे, बारीक अक्षरांत, ही प्रजाती वेगळी का, त्याची कारणं. पंखातली मधली शीर न फाटता काठापर्यंत जाते. शृंगिकांचे शेवटचे तीन खंड एकरूप. मी भिंग लावून ते तेवढं वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. पलीकडे कोणीतरी बाईंच्या आवाजात वाचत असल्यासारखं झालं.

विद्यार्थ्याला फोन केला, म्हटलं माझं नाव काढून टाका. तो हसला. "सर, एकदा छापून आलेलं नाव पुसता येत नाही. तुम्हीच शिकवलंय." मी शिकवलं होतं. नाव अयोग्य आहे म्हणून बदलत नाही, असा नियम आहे. ज्या माणसाने तिला जाळलं त्याचं नाव आता ती माशी कायम बाळगणार.

सत्कारानंतर काही दिवसांनी मी एसटीने बाईंच्या गावी गेलो. त्याही निवृत्त होऊन माहेरच्या घरी राहत होत्या. काय बोलायचं ते मी गाडीत बसून पाठ केलं होतं. विद्यार्थ्याने करावं तसं, ओठ हलवत. शेजारी बसलेल्या कोळणीने विचारलं, "आजोबा, जप चाललाय काय?" 

बाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. उठायला त्यांना वेळ लागला. 

"या सर! माशीचे जनक!" पेपरात वाचलं होतं त्यांनी. "तुमच्याकडची बातमी मी इथल्या शाळेतल्या पोरींना वाचून दाखवली. म्हटलं, हे आमचे हेडसर."

चहा आला, सांदणं आली. त्या बोलत राहिल्या. म्हणाल्या, "मी दर वर्षी नव्या वर्गाला तुमची गोष्ट सांगायची. म्हणायची, मला वाटलं होतं मी मोठा शोध लावला. आमच्या सरांनी स्पिरिटचा एक थेंब टाकला आणि माझा गर्व विरघळला. आपल्याला जे खरं व्हावंसं वाटतं तेच आधी तपासायचं, हे मला सरांनी शिकवलं."

मी हातातलं सांदण खाली ठेवलं.

"पण एक विचारू सर?" त्या म्हणाल्या. तांदळाचं सूप त्यांनी मांडीवरून बाजूला केलं होतं. "ही नवी माशी जिथे सापडली ते गाव आमच्या विहिरीपासून लांब नाही हो. माती तीच. पंखातही म्हणे फाटा नाही. मग आमच्याच विहिरीत आजची राळ कुठून आली असेल?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. संशयाने बघत होत्या की नाही, मला आजही सांगता येत नाही. दार त्यांनी स्वतःच्या हाताने उघडून धरलं होतं, मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"वरून पडली असेल," मी म्हटलं. "खणताना. कडेच्या झाडाची."

बाहेर कोणाच्या तरी होडीचं इंजिन खाडीत फटफटत गेलं.

"हां," त्या म्हणाल्या. "वरूनच पडली असेल." आणि सांदणाची ताटली माझ्याकडे सरकवली. "खा ना सर. तुमच्या मिसेसना आवडायची."

मी खाल्लं. निघताना त्यांनी आमसुलांची पिशवी दिली. फाटकापर्यंत आल्या. मी म्हटलं, पुन्हा येतो. पुन्हा जायचं म्हणून दोनदा कपडेही केले, आणि स्टँडवर जाऊन परत आलो. या पावसाळ्यात त्या गेल्या. मातीला मी वेळेवर पोचलो नाही. पोचलो असतो तरी तिथे बोलायची सोय नव्हती. फुफी तर केव्हाच गेली होती. घरात त्यांची भावजय होती, तिने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हटलं, बरोबर शिकवत होतो.

लोक म्हणतील, आता लिहिलंत तरी. हे लिहिणं फुकटचं आहे, हे मला कळतं. मला हसले असते ते बहुतेक सगळे मेलेत, आणि ज्यांना हे ऐकायचा हक्क होता त्याही गेल्या. आता खरं बोलायची मला काहीच किंमत पडत नाही. पुढे कोणी त्या माशीचं नाव वाचलं, तर ती आधी कोणी ओळखली होती ते इथे आहे, एवढंच.

त्या दिवशी एसटीत पाठ केलेलं मला अजून तसंच्या तसं येतं. फार मोठं नव्हतं. बाई, तुमची माशी विरघळली नव्हती. ती जुनीच होती, आणि तुम्ही सांगितलीत तशीच होती. मी ती पाहिली होती. ती माझ्या घरी धुपाटण्यात जळली, आणि लोक हसतील म्हणून मी तुम्हाला बाजारातली राळ दाखवली. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा.